धान पट्ट्यात आकाशवाणी आणि दूरदर्शन कसे आले
(सिंदेवाही येथे धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाचे वाण, खते आणि किडी यांवर बोलणारे तज्ज्ञ माझ्याआधी बोलून गेले आहेत. माझ्याकडे आलेला विषय थोडा वेगळा आहे. शेतीचा सल्ला आपल्या भागात रेडिओवरून आणि टीव्हीवरून केव्हा येऊ लागला, कसा येऊ लागला आणि त्याचा आपल्याला कितपत उपयोग झाला, हे मी आपल्याला सांगणार आहे. मी बरीच वर्षे विस्तार कार्यात काढली. रेडिओवर बोललो आणि गावात बसून रेडिओ ऐकलाही. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार ठाऊक आहेत.

पूर्वी आपल्याकडे बातमी पोचायची ती बाजाराच्या दिवशी, नाहीतर दंडारीत. मंडईच्या रात्री दंडार उभी राहिली की नवा कायदा, नवा रोग, सावकाराची लबाडी, सगळे काही सोंगातून लोकांना कळे. झाडीपट्टीतल्या माणसाला ऐकून शिकण्याची सवय रेडिओच्या आधीपासून आहे, एवढेच यातून सांगायचे आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारत सरकारकडे फक्त सहा रेडिओ केंद्रे होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मराठी बोलणाऱ्यांच्या वाट्याला त्यातले एक, मुंबईचे. त्यानंतर जी नवी केंद्रे भराभर निघाली त्यात नागपूर होते. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली निघाले, म्हणजे विदर्भाला पुण्याच्या पाच वर्षे आधी रेडिओ मिळाला. आपल्याला सगळे उशिरा मिळते असे आपण नेहमी म्हणतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

याचे कारण असे की नागपूर त्यावेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. साहजिकच केंद्राला मराठी आणि हिंदी अशा दोन भाषा सांभाळाव्या लागत. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी काही काळ या केंद्राच्या वृत्तविभागात काम केले होते. केंद्राला तेव्हा ऑल इंडिया रेडिओच म्हणत. आकाशवाणी हे नाव सरकारी रीतीने १९५७ पासून रूढ झाले. मधल्या काळात आपला चांदा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. राज्य बदलले, राजधानी बदलली, पण आपला रेडिओ नागपूरचाच राहिला.

आता नागपूर इथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथला आवाज इथे कसा येतो? नागपूरचे प्रक्षेपण मध्यम लहरींवर होते. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. मधे जंगल असो वा टेकडी, त्या वळसा घेऊन पुढे जातात. म्हणून दिवसा नागपूर इथे लागत असे. रात्री मात्र याच लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आदळून फार लांब जातात आणि लांबच्या केंद्रांच्या लहरीही इकडे येतात. त्यामुळे अंधार पडला की नागपूरच्या आवाजात कुठलेतरी दुसरेच केंद्र मिसळे. पुष्कळांना वाटायचे की सेट बिघडला. सेट चांगलाच असे.

सुरुवातीला सेट होते तरी किती! मालगुजारांच्या वाड्यात एखादा, शाळेच्या गुरुजींकडे एखादा. दिव्यांचा रेडिओ. तो लावला की आधी तापायचा आणि मग बोलायचा. वीज नसलेल्या गावात मोठी बॅटरी लागे. शिवाय रेडिओला परवाना असे आणि त्याची वर्षाची फी पोस्टात भरावी लागे. पुढे १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ खांद्याला अडकवून बांधीवर जाऊ लागला. लोकांनी तो घेतला तो मात्र शेतीसाठी नव्हे. घेतला सिलोनच्या गाण्यांसाठी! शेतीचा कार्यक्रम गाण्यांच्या आधी किंवा नंतर आला तर कानावर पडायचा. त्यात वाईट काही नाही. गाण्यासाठी आलेला माणूस दोन कामाच्या गोष्टी ऐकून जात असे.

रेडिओ शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगी पडतो का, याची देशातली पहिली मोठी तपासणी आपल्याच मराठी मुलखात झाली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून हा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. युनेस्कोची मदत होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात पंधरा-वीस माणसांचे मंडळ केले होते. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, रेडिओ बंद करायचा आणि मग बोलायचे. चर्चेत काय निघाले आणि काय समजले नाही हे निमंत्रकाने लिहून पुण्याला पाठवायचे. पुण्याहून पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरे येत. ही कल्पना कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत होती.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूराथ नावाचे अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही होते, काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे थोडीशीच वाढली. बंधूंनो, माझ्या सगळ्या भाषणातली ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र दोन्हीकडे होते आणि आवाजही होता. फरक पडला तो ऐकून झाल्यावर बोलण्याने आणि उलट विचारण्याने.

पुढे १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्याचे ठरले. ती निघालीही, कागदावर तर पुष्कळच निघाली. पण पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक पत्राला उत्तर मिळत होते, ते हजारो गावांच्या पसाऱ्यात कुठून जमणार? उत्तर येईना म्हणून पत्रे थांबली, आणि पत्रे थांबली तशी मंडळेही मोडली.

रेडिओची ताकद दाखवणारी एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९६०च्या दशकात तमिळनाडूतल्या तंजावर भागात एडीटी-२७ हा भाताचा नवा वाण आला. जपानी आणि भारतीय जातींच्या संकरातून तो काढला होता. तिरुचिरापल्ली केंद्राने त्याची माहिती इतकी लावून धरली की शेतकरी दुकानात जाऊन "रेडिओ भात द्या" असे म्हणू लागले. वाणाचे मूळ नाव मागे पडले. आपल्याकडे तर घड्याळाचे नाव धानाला मिळाले आहे! नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी धान आपण सगळे जाणतो. तो रेडिओने पसरवला नाही. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, हातोहात पसरला.

१९६५ नंतर ताइचुंग नेटिव्ह-१, आयआर-८ आणि मग जया असे बुटके वाण आले. रेडिओवर त्यांचा गाजावाजा झाला आणि तो योग्यच होता, कारण देशाला धान्य हवे होते. पण तंजावरची जमीन वेगळी आणि सिंदेवाहीची वेगळी. आपल्या पट्ट्यात गादमाशी आहे. हे वाण गादमाशीला बळी पडणारे. अळी कोवळ्या फुटव्याच्या आत शिरते, वाढीचा कोंब खाते आणि फुटव्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी होते. त्या फुटव्याला लोंब येत नाही. बांधी हिरवीगार दिसते आणि पीक हाती लागत नाही. दूरच्या केंद्रावरून सांगितलेली गोष्ट खरी असूनही आपल्या शेतात चुकीची ठरू शकते, हे त्या वाणांनी आपल्याला चांगलेच शिकवले. म्हणूनच गादमाशीला दाद न देणारे वाण आपल्या भागासाठी वेगळे शोधावे लागले, आणि सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राला जे महत्त्व आहे ते याच कारणाने.

भाषेचीही अडचण होती. रेडिओवर "भातलावणी", "वाफे", "रोपवाटिका" असे शब्द येत. आपल्याकडे भात ताटात असतो, शेतात धान असतो. लावणी तमाशातली, आपण करतो ती रोवणी. वाफ्याला आपण बांधी म्हणतो आणि रोपांना पऱ्हे. सांगणारा विद्वान असे, पण ऐकणाऱ्याला वाटे की हे कुणा दुसऱ्यांना सांगत आहेत. मी स्वतः पहिल्या भाषणात "भातखाचर" असा शब्द लिहून नेला होता. गावी परतल्यावर एका म्हाताऱ्या काकांनी विचारले, "साहेब, ते खाचर म्हणजे बैलाची खाचर काय?" तेव्हापासून शब्द तपासूनच लिहितो.

याहून मोठी फजिती पुढेच झाली. दहा मिनिटांचे भाषण म्हणजे साधारण हजार शब्द. ते आधी लिहायचे, मंजूर करून घ्यायचे, मग जाऊन ध्वनिमुद्रण करायचे. प्रसारण त्यानंतर काही दिवसांनी. एका वर्षी मी जुलैच्या सुरुवातीला, पाऊस चांगला असताना, वेळेवर रोवणी करा असे ठासून सांगितले. भाषण लागले तोवर पावसाने दडी मारली होती आणि पऱ्हे पिवळे पडले होते. आठवड्याने पोस्टकार्ड आले. मजकूर एका ओळीचा: "बांधीत पाणी नाही, रोवणी कशात करू?" त्या कार्डाला मी काय उत्तर देणार? चूक माझीच होती. पाऊस लांबला तर काय करायचे हे सांगायला मी दोन मिनिटे ठेवायला हवी होती. पुढच्या प्रत्येक भाषणात ती ठेवली.

आता दूरदर्शनकडे वळू. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्ही सुरू झाला. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी 'कृषिदर्शन' सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. तिथून निघालेल्या 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाने मराठी शेतकऱ्याला टीव्हीवर आणले. पण मुंबईचे चित्र आपल्यापर्यंत कुठून येणार?

आपल्या शेजारी मात्र टीव्ही लवकर आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा पूर्ण वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट चित्र उतरवले. विक्रम साराभाईंनी पाहिलेले हे स्वप्न. त्यात रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे होते. आपल्या पूर्वेच्या सीमेपलीकडे, आपल्यासारखाच धान पिकवणारा तो मुलूख. शाळेच्या किंवा पंचायतीच्या छपरावर जाळीची मोठी छत्री, खाली एक सेट आणि समोर सगळे गाव. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. वर्ष संपले, उपग्रह परत घेतला गेला आणि तिथलाही पडदा काळा झाला.

त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक छोटा प्रक्षेपक उभारला गेला. त्याचा आवाका एका जिल्ह्याएवढाच. पण तिथले कार्यक्रम त्याच जिल्ह्यातल्या गावांत जाऊन, तिथल्याच बोलीत, तिथल्या माणसांना घेऊन तयार होत. मजुरी, पाणी, जातीचा जाच, सगळे विषय. १९८४ साली युनेस्कोच्या पारितोषिकाने या कामाचा गौरव झाला. आणि १९८५ साली तो प्रक्षेपक काढून मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी नेला! लोकांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. मोठ्या शहराची गरज आधी लागली.

विदर्भाचा टीव्ही आला तो इन्सॅटच्या वाटेने. १९८२ च्या एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए सप्टेंबरातच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी गेला आणि टिकला. त्याच्या आधाराने सहा राज्यांत ग्रामीण भागासाठी कार्यक्रम करायचे ठरले. या वेळी महाराष्ट्र होता आणि त्यासाठी नागपूरला उपग्रह दूरदर्शन केंद्र झाले. नागपूरला सेमिनरी हिल्सवर गेलात तर दूरदर्शनचा मनोरा दिसतो. पंचायतींना सेट मिळाले. त्यातला एक सेट मी गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद पाहिला आहे. "लावला तर बिघडेल" हे कारण. गावाचे नाव घेत नाही. जिथे लावला तिथे वीज नसे, आणि वीज असली तर दुरुस्त करणारा नसे. तरीही चित्राने एक काम रेडिओपेक्षा चांगले केले. गादमाशीची नळी आणि खोडकिड्याची गाभेमर यातला फरक मी रेडिओवर दहा वेळा सांगितला होता. पडद्यावर तो एकदा पाहून लोकांना कळला.

नागपूरजवळ बुटीबोरीला १८ मे १९८८ पासून आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचा एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक चालू झाला. देशातल्या फार शक्तिशाली प्रक्षेपकांपैकी तो एक. धानाच्या जागलीला मचाणावर बसलेल्या माणसाला रात्रभर त्याची सोबत असे. पण तो होता सगळ्या देशासाठी, आपल्या धानाबद्दल त्यावर बोलायचे कोणी नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये ती वाहिनी बंद झाली.

याच्या उलट टोकाची कल्पना म्हणजे स्थानिक रेडिओ केंद्र. एका जिल्ह्यापुरते छोटे केंद्र, कर्मचारी थोडे, पण माणसे गावोगाव फिरणारी. देशातले असे पहिले केंद्र १९८४ साली नागरकोईलला निघाले आणि नंतर आपल्या चंद्रपूरलाही निघाले. हे केंद्र एफएमवर आहे. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण तो सरळ रेषेत जातो. टेकडी आणि अंतर आले की खरखर सुरू होते. जंगलातल्या लांबच्या गावांना म्हणून जुन्या मध्यम लहरीच सोयीच्या होत्या, आणि देशभर त्या प्रक्षेपकांची संख्या आता कमी होत चालली आहे. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाले. आता छत्री आणि मोबाईल. आकाशवाणी मोबाईलवर ऐकता येते हे खरे. पण ज्या गावात मोबाईलची रेंज टेकडीवर चढून शोधावी लागते तिथल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न मी बैठकीत दोनदा मांडला आहे, इथेही मांडतो.

तरीही चंद्रपूरच्या केंद्राने जे जमवले ते नागपूर-मुंबईला जमणे अवघड होते. रोवणी, बांधी, पऱ्हे हे शब्द तिथे चालतात. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी ही नावे निवेदकाला समजावून सांगावी लागत नाहीत. आणि पत्र पाठवणारा व उत्तर देणारा एकाच पावसात भिजतात.

आता थोडे आपल्याकडे. गेल्या काही वर्षांत प्रश्न येणे फार कमी झाले आहे. मोबाईलवर इतके व्हिडिओ येतात की विचारायची गरज वाटत नाही. पण तो व्हिडिओ पंजाबातला की आंध्रातला, त्यातला वाण कोणता, हे कोण पाहतो? बुटक्या वाणांच्या वेळी झाले तेच पुन्हा होऊ शकते. शिवाय प्रश्नच आले नाहीत तर केंद्रावरच्या माणसाने कार्यक्रमासाठी वेळ मागावा तरी कशाच्या बळावर? पीजचा प्रक्षेपक प्रेक्षक असूनही गेला.

म्हणून एक विनंती. आपल्या बचत गटात किंवा शेतकरी गटात पंधरा-वीस जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र ऐकावे, आणि एकाने वही ठेवावी. बायाबापड्यांना मागे बसवू नका. रोवणी त्या करतात, चंदेरी पोंगा आधी त्यांच्याच हाताला लागतो. जो प्रश्न गटात सुटला नाही तो आकाशवाणीला पाठवा आणि त्याची एक प्रत इथल्या कृषि विज्ञान केंद्राला द्या.

प्रश्न लिहिताना "धानाला रोग आला, उपाय सांगा" एवढेच लिहू नका. अशा पत्राला खरे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. गाव आणि तालुका लिहा. वाण कोणता, पऱ्हे केव्हा टाकले, रोवणी कोणत्या तारखेला झाली, आवत्या असेल तर तसे लिहा. बांधीत पाणी किती बोटे आहे, पाणी तलावाचे की पावसाचे, युरिया केव्हा आणि किती दिला तेही लिहा. बांधीत चार-पाच ठिकाणी मिळून शंभर फुटवे मोजा आणि त्यात चंदेरी पोंगे किती निघाले तो आकडा लिहा. पाच किंवा त्याहून जास्त निघाले तर पत्राच्या उत्तराची वाट पाहू नका, त्याच दिवशी इथे केंद्रावर या आणि येताना दोन-चार फुटवे मुळासकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून आणा.